दीर्घ प्रवासानंतर स्वगृहीं
(ज्युबिली-समारंभांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या आनंदप्रसंगीं "दीर्घ प्रवासानंतर स्वगृहीं परतणें" या विषयावर मीं चार शब्द बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. ही आज्ञा मलाच कां झाली, हें मी ओळखून आहें. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ तरुण व तरुणी आज पोटासाठीं दूरच्या मुलुखांत एकट्यानें राहत आहेत. त्यांपैकीं कित्येक परत येतात, कित्येक नुसतें 'येतों, येतों' म्हणतात. आणि मी ओमानांत मस्कत शहरीं नऊ वर्षें काढून परत आलेला आहें. जो परत आला त्यालाच विचारावें, असा सरळ हिशेब समितीनें केला असावा. परंतु परत आलेला मनुष्य या विषयावर चांगला बोलतोच असें नाहीं. तो बहुधा तिकडचा उन्हाळा आणि विमानाचें भाडें यांविषयींच बोलत बसतो. म्हणून माझ्याहून फार थोर अशा एका प्रवाशाकडे मी आधीं जातों. आणि त्याला शोधण्यासाठीं हिंगोलीहून लांब जावें लागत नाहीं.

कयाधू नदीच्या कांठीं नर्सी हें गांव आहे. नामदेव महाराजांचा जन्म इ. स. १२७० सालीं तेथें झाला, अशी आपल्याकडील परंपरा. कोणी विद्वान् पंढरपूर हेंच त्यांचें जन्मस्थान मानतात. नर्सीचे लोक हा वाद फारसा मनावर घेत नाहींत, आणि मीही घेत नाहीं. दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याचा हा पुत्र पंढरपुरांत वाढला, हें मात्र सर्वांस मान्य आहे. या माणसानें दोन मोठे प्रवास केले. पहिला ज्ञानेश्वरांच्या संगतींत, उत्तरेकडील तीर्थांचा. नामदेवांच्या नांवावर असलेल्या 'तीर्थावळी'च्या अभंगांत त्याची हकीकत आली आहे, आणि त्यांत वाचकाच्या ध्यानांत राहते ती तीर्थांची वर्णनें नव्हेत, तर या प्रवाशाची घरची ओढ. पाय पुढें चालत आहेत आणि जीव मागें पंढरपुराकडे धांवत आहे, अशी त्याची अवस्था. यात्रा संपवून मंडळी पंढरपुरास आली आणि तेथें यात्रेचें मावंदें झालें, असें कथा सांगते.

हा 'मावंदें' शब्द आपल्या तरुण पिढीला कदाचित् नवा वाटेल. काशीयात्रेहून सुखरूप परतलेला मनुष्य आपल्या घरीं आप्तेष्टांना, गांवकऱ्यांना जें भोजन घालतो तें मावंदें. मला या चालीचें फार नवल वाटतें. प्रवासानें दमून, वाळून आलेला तो; दुसऱ्यांनीं त्याला जेवूं घालावें हें अधिक सयुक्तिक दिसतें. परंतु चाल याच्या उलट आहे. जो जाऊन आला त्यानें वाढावें, आणि जे मागें राहिले त्यांनीं पानावर बसावें. कां बरें? तो यात्रेस गेला असतां त्याच्या गाईला वैरण कोणी घातली? त्याच्या म्हाताऱ्या आईच्या उशाशीं कोण बसलें? गांवानें तें केलें म्हणूनच त्याची काशी घडली. तें ऋण पुरतें फिटत नाहीं; निदान एक वेळचें जेवण तरी द्यावें, असा या चालीचा अर्थ मी लावतों.

आपणां ख्रिस्ती लोकांच्या कानांवर लहानपणापासून पडलेली परतीची कथा म्हणजे उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. तेथें मेजवानी बापानें दिली आहे. आपण बहुधा बापाची क्षमा आणि धाकट्याचा पश्चात्ताप यांवरच बोलतों. परंतु मेजवानी चालली असतां थोरला भाऊ घराबाहेर उभा आहे, आंत यावयास तयार नाहीं, हें त्याच दृष्टान्तांत सांगितलें आहे. आणि तो शेवटीं आंत आला कीं नाहीं हें सांगितलेलें नाहीं. ज्याच्या घरीं कोणी परदेशाहून परत आलें आहे, त्याला हा थोरला भाऊ चांगला ठाऊक असतो. त्याच्याकडे मी पुन्हा येईन.

नामदेवांचा दुसरा प्रवास निराळा आहे. इ. स. १२९६ मध्यें आळंदीस ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली. मागाहून थोड्याच काळांत त्यांचीं भावंडेंही गेलीं. पूर्वीं ज्यांच्याबरोबर वाट चालली ते सोबती उरले नाहींत, आणि नामदेव पुन्हा उत्तरेकडे निघाले. परंपरा सांगते कीं, ते पंजाबांत पुष्कळ वर्षें राहिले. आजच्या गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान या गांवीं त्यांचें स्मारक आहे. त्या काळीं कयाधूच्या कांठच्या माणसाला बियासेचा कांठ हा परदेशच होता. भाषा निराळी, अन्न निराळें, थंडी निराळी. तेथें या मराठी शिंप्यानें तिकडच्या लोकांच्या बोलींत पदें रचलीं. इ. स. १६०४ मध्यें गुरु अर्जुनदेवांनीं शीखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यांत नामदेवांचीं पदें घेतलीं. आजच्या गुरु ग्रंथ साहिबांत तीं ६१ आहेत. त्यांत विठ्ठलाचें नांव 'बीठल' असें येतें. मनुष्य भाषा बदलतो, पोशाख बदलतो, परंतु ज्या नांवानें त्यानें लहानपणीं देवाला हांक मारली तें नांव तो बरोबर नेतो. फार तर त्याचा उच्चार तिकडच्या लोकांच्या सोयीचा करून घेतो.

मग ते परत आले काय? महाराष्ट्र म्हणतो, आले; इ. स. १३५० मध्यें पंढरपुरीं देवळाच्या महाद्वारांत त्यांनीं देह ठेवला, आणि त्या पायरीला आजही नामदेवांची पायरी म्हणतात. पंजाबांतील त्यांचे भक्त म्हणतात, ते घुमान येथेंच विसावले. दोन्हीं ठिकाणीं लोक माथा टेकतात. इ. स. २०१५ च्या एप्रिल महिन्यांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथें भरलें, तेव्हां इकडील कित्येकांस प्रथमच कळलें कीं, आपला मनुष्य तिकडेही त्यांचाच आहे. कोणाचें खरें, याचा निवाडा इतिहासज्ञांनीं करावा. मला एवढेंच दिसतें कीं, ज्याच्या परत येण्याविषयीं दोन गांवें भांडतात त्यानें दोन्हीं गांवांत आपलें घर केलें होतें. आपल्यापैकीं जे परदेशांत राहून आले, त्यांच्या मनांत हाच तंटा लहान प्रमाणावर चालू असतो. ते इकडे असतां तिकडचे, आणि तिकडे असतां इकडचे.

परंतु नामदेवांच्या कथेंतील एक बाजू कीर्तनकार गंमतीनें सांगून पुढें जातात, तेथें मला थोडें थांबावयाचें आहे. नामदेवांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नांवावर अभंग आहेत, आणि त्यांत गाऱ्हाणीं आहेत. घरांत धान्य नाहीं, अंगावर धड वस्त्र नाहीं, आणि हा संसार सोडून देवापाशीं बसतो. हे अभंग खरोखर त्यांनींच रचले कीं मागून कोणी रचून त्यांच्या मुखीं घातले, तें मी सांगूं शकत नाहीं. पण ज्यानें कोणी ते रचले त्याला घराची स्थिति माहीत होती. संतानें परत यावें म्हणून देव वाट पाहतो असें वर्णन सर्वत्र सांपडतें. चूल कोणी पेटती ठेवली, तें या दोन बायका सांगतात.

आतां समुद्रापलीकडच्या प्रवासाकडे येऊं. तीर्थयात्रेहून आलेल्या माणसास मावंदें होतें. समुद्र ओलांडून आलेल्या माणसास मात्र एके काळीं प्रायश्चित्त होतें. एकच घर, एकच उंबरठा. पण एकाच्या पायांवर पाणी घालावयाचें आणि दुसऱ्याला पंचगव्य पाजावयाचें! आनंदीबाई जोशी यांस या दुसऱ्या रीतीची पूर्ण कल्पना होती. त्या ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून पतीवांचून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें भर सभेंत त्यांनीं सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहीन. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या, त्या क्षयानें खंगलेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील जागा त्यांच्यासाठीं ठरलेली होती. त्या जागेवर त्या कधीं रुजूच होऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा पुढें अमेरिकेस, ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना लेकीप्रमाणें संभाळलें होतें त्यांच्याकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकिप्सी गांवच्या दफनभूमींत ठेवण्यांत आली. बोलल्याप्रमाणें त्या परत आल्या. आणि त्यांची रक्षा पुन्हा तिकडे गेली. नामदेवांसारखाच हाही प्रकार, पण आयुष्य किती अल्प!

पंडिता रमाबाई १८८३ मध्येंच इंग्लंडास गेल्या, तेथून अमेरिकेस गेल्या, आणि १८८९ च्या आरंभीं मुंबईस परतल्या. त्यांना परतण्यासाठीं घरच नव्हतें. आईबाप दुष्काळांत गेलेले, भाऊ गेलेला, पति गेलेला. म्हणून त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं शारदा सदन उघडलें आणि दुसऱ्यांसाठीं घर केलें. कांहीं जण तर परतलेच नाहींत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानांत नागासाकी येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रुसावर गेले. ज्यांनीं मराठींत 'ख्रिस्तपुराण' लिहिलें ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि इंग्लंडचा किनारा त्यांनीं पुन्हा पाहिला नाहीं.

माझी स्वतःची हकीकत या थोर मंडळींनंतर सांगणें शोभत नाहीं. तथापि समितीनें बोलाविलें आहे तें त्यासाठींच. मी इ. स. १९९८ मध्यें गेलों आणि २००७ मध्यें परतलों. गेलों तो परभणी जिल्ह्यांतून, आणि आलों तो हिंगोली जिल्ह्यांत. कारण १ मे १९९९ रोजीं आपला जिल्हा निराळा झाला. घर जागचें हललें नव्हतें. पासपोर्टावर एक जिल्हा, गांवच्या पाटीवर दुसरा! आमचे आजोबा तर कोठेंच गेले नाहींत. ते निजामाच्या राज्यांत जन्मले, १९४८ मध्यें तें राज्य खालसा झालें, १९५६ मध्यें ते मुंबई राज्यांत आले, १९६० मध्यें महाराष्ट्रांत आले, आणि एवढा सारा प्रवास त्यांनीं एकाच ओट्यावर बसून केला. तेव्हां मी परत आलों तें घर आणि मी सोडलें तें घर एकच, असें कोण म्हणूं शकेल?

एकट्यानें राहण्याची एक संवय लागते, ती सुटण्यास फार दिवस लागतात. तिकडे मला कोणी विचारीत नसे. केव्हां उठलों, काय खाल्लें, कोठें निघालों, याचा जाब नाहीं. इकडे चपला पायांत घातल्या कीं स्वयंपाकघरांतून प्रश्न येतो, "कुठं निघालास?" पहिले दोन महिने हा प्रश्न मला बोचत असे. पुढें ध्यानांत आलें कीं, तिकडे ज्या रात्रीं मला ताप आला त्या रात्रींही कोणी विचारलें नव्हतें. हे दोन निरनिराळे प्रश्न नव्हेत. एक हवा आणि दुसरा नको, असें घरांत चालत नाहीं.

वडील माझ्या पाठीमागें दोन वर्षें अंथरुणावर होते. त्यांना उठविणें, बसविणें, दवाखान्यांत नेणें हें सर्व माझ्या धाकट्या भावानें केलें. मी पैसे पाठवीत होतों आणि त्या पैशांनीं औषध येत होतें, हेंही खरें. मीं त्याच्यासाठीं एक घड्याळ आणलें होतें. तें त्यानें हातांत घेतलें, फिरवून पाहिलें, आणि विचारलें, "दादा, आता हितंच राहणार, का पुन्हा जाणार?" यापेक्षां अधिक तो कांहीं बोलला नाहीं. दृष्टान्तांतील थोरला भाऊ आमच्या घरांत धाकटा होता, इतकाच फरक. हळद शिजविण्याचे ते दिवस होते. सारें शिवार त्या वाफेच्या वासानें भरलेलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे तो कढईवर निघाला, तेव्हां मी न बोलावतां त्याच्यामागून गेलों आणि जळण पुढें सारीत बसलों. दुपारीं त्यानें आपल्या फडक्यांतली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढें ठेवली. घड्याळ तो तिसऱ्या दिवशीं बांधून आला.

हें सर्व सांगण्याचें एक कारण आहे. आपल्या धर्मग्रामांतील एक भगिनी, परिचारिका, सात वर्षांनीं कुवेतहून येत्या महिन्यांत परत येत आहे. तिच्या स्वागताचा विचार समितींत निघाला, तेव्हां हार, सत्कार आणि भाषणें यांची यादी झाली. माझी सूचना निराळी आहे. हार घालूं नये. ती दमलेली असेल. काय आणलें, किती साठविलें, हें कोणी विचारूं नये. तिची थोरली बहीण सात वर्षें आईजवळ राहिली, तिला त्या दिवशीं मानानें पहिल्या पानावर बसवावें, आणि परत आलेल्या भगिनीनें तिला आपल्या हातानें वाढावें. स्वयंपाक आपण सर्व मिळून करूं. भगिनीच्या मातोश्रींशीं मीं ही गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "वाढंल की. पण तिला अजून ज्वारीची भाकर आवडती का, ते आधी विचारा." पत्र घातलें आहे, उत्तर अद्याप यावयाचें आहे.