फिक्या चित्रातला उजेड

धार आणि देवास या गावांत अजूनही असे काही जुने वाडे उभे आहेत, की ज्यांच्या माजघरात भर दुपारीदेखील दिवा लावावा लागतो. चौकात माळव्याचे ऊन डोळ्यांना खुपत असते, ओसरीवर मध्यम उजेड असतो, आणि उंबरठा ओलांडून आत पाऊल टाकले की भिंत कोठे संपते व कोनाडा कोठे सुरू होतो हेदेखील क्षणभर उमगत नाही. आपला डोळा पाच-दहा क्षणांत या अंधाराशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला तसे करता येत नाही. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याचे मूळ या अडचणीत आहे.

पवारांच्या बरोबर अठराव्या शतकात जी मराठी घराणी माळव्यात उतरली, त्यांतील पुष्कळांचे वंशज आजही तेथेच नांदत आहेत. देवासची थोरली पाती, धाकटी पाती आणि धार ही तिन्ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. त्या वेळी जी मुले परकर-पोलक्यात किंवा अर्ध्या चड्डीत वावरत होती, ती आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत. माळवीच्या वळणाने बोलली जाणारी त्यांची मराठी, घरचे कुळधर्म, दसऱ्याच्या स्वाऱ्यांच्या आठवणी, हे सारे त्यांच्या तोंडून टिपून ठेवावे असे आता अनेक घरांतील तरुणांना वाटू लागले आहे. हाताशी मिररलेस कॅमेरा असतो, उत्साहही असतो. पण आजीला माजघरात बसवून चित्रण केले, की एक तर चौक पांढराफटक पडतो, नाही तर आजीचा चेहरा काळोखात बुडतो. शंभरीकडे झुकलेल्या माणसाची मुलाखत पुन्हा घेऊ, असे म्हणण्याची सोय नसते.

या अडचणीवर कॅमेरेवाल्यांनी जो उपाय योजिला आहे त्याला लॉग चित्रण म्हणतात. लॉग म्हणजे लॉगॅरिदम. कॉलेजात ज्यांनी लॉगची कोष्टके चाळली असतील त्यांना तो शब्द परका नाही. प्रकाश दुप्पट झाला की छायाचित्रकार त्यास एक स्टॉप म्हणतो. उन्हातला चौक आणि माजघराचा मागचा कोपरा यांत दहा-बारा स्टॉपांचे अंतर सहज पडते, आणि नेहमीच्या पद्धतीचे चित्रण त्यातील सहा-सातच धड सांभाळू शकते.

आता हिशेब पाहा. कॅमेऱ्यातील संवेदकाने प्रकाशाचे मोजमाप ४०९६ पायऱ्यांत केले असे धरा. हे मोजमाप जसेच्या तसे लिहून ठेवले, तर सर्वांत उजळ अशा एका स्टॉपलाच त्यातील २०४८ पायऱ्या मिळतात, त्याखालच्याला १०२४, आणि असे उतरत उतरत दहाव्या स्टॉपच्या वाट्याला अवघ्या ४ पायऱ्या येतात. म्हणजे उन्हाच्या घरी सुकाळ आणि सावलीच्या घरी दुष्काळ! लॉगची रीत अशी, की प्रत्येक स्टॉपला जवळजवळ सारखा वाटा द्यावयाचा. ही कल्पना मुळात नवी नव्हे. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली छायाचित्राच्या काचेवरील काळेपणा प्रकाशाच्या लॉगॅरिदमशी ताडून पाहिला होता. पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोडॅक कंपनीने चित्रपटाची निगेटिव्ह संगणकात उतरविण्यासाठी सिनिऑन नावाची जी पद्धती काढली, तिच्यात हेच तत्त्व होते. आजचे एस-लॉग, व्ही-लॉग, एफ-लॉग, एन-लॉग, कॅनन लॉग हे सारे त्याच कुळातले. कंपनी निराळी, म्हणून नाव व आखणी निराळी.

या समान वाटणीची किंमत मात्र मोजावी लागते. लॉगमध्ये घेतलेले चित्र पाहिले तर ते धुतलेल्या धोतरासारखे दिसते. काळे काळे नाही, पांढरे पांढरे नाही, लाल तर मुळीच लाल नाही. नवशिक्याला वाटते, कॅमेरा बिघडला.

धार जिल्ह्यातील बाघ गावचे छपाईचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तेथील कारागीर हरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लाकडी ठशाने तुरटीचा लेप उमटवितो. त्या घडीला आपण ज्याला बाघचा लाल म्हणतो तो लाल तेथे नसतो. कापड वाळते, नदीच्या वाहत्या पाण्यात धुतले जाते, आणि मग तांब्याच्या हंड्यात धावड्याची फुले व अलिझरीन यांच्याबरोबर उकळले जाते, तेव्हा तुरटीच्या जागी तो लाल उठतो. छाप मारताना जो फिकटपणा दिसतो त्याला कारागीर घाबरत नाही, कारण भट्टीतून काय निघणार हे त्याला ठाऊक असते. लॉग चित्रणाची भट्टी म्हणजे संगणकावरील रंगसंस्कार. पण आपल्यापाशी त्या कारागिराची नजर नाही. फिके चित्र पाहून पुढचा रंग ओळखणे आपल्याला जमत नाही. त्यासाठी बाहेरचा मॉनिटर.

हा मॉनिटर म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविण्याचा, पाच-सात इंचांचा पडदा. कॅमेऱ्यातून एचडीएमआय केबलने चित्र त्यात येते. त्यात रंगांच्या रूपांतराचे एक कोष्टक घालून ठेवता येते. धंद्यातले लोक त्याला ‘लट’ म्हणतात. अमुक फिका रंग आला तर तो पडद्यावर अमुक गडद दाखवावा, अशा नोंदींचे ते कोष्टक असते. ३३ घरांच्या घनाकृती कोष्टकात अशा ३५,९३७ नोंदी होतात. लट केवळ पाहण्यापुरती लावावी. नोंद फिकीच होऊ द्यावी. काही मॉनिटरांत ही लट नोंदीतच उतरविण्याची सोय असते. ती चुकून चालू राहिली, तर ज्यासाठी लॉगचा खटाटोप केला ते सारे वाया गेले म्हणून समजावे.

ज्या मॉनिटरांत नोंद करण्याचीही सोय असते, त्यांचा जन्म गरजेतून झाला. २०१४ साली सोनीचा ए७एस निघाला तेव्हा ४के चित्र त्याला आपल्या पोटात साठविता येत नसे; ते बाहेरच्या यंत्रावरच घ्यावे लागे. २०१६ च्या फुजीच्या एक्स-टी२ मध्ये आरंभी एफ-लॉग केवळ केबलवाटे मिळे, आणि २०१८ च्या निकॉन झेड६ मध्ये एन-लॉगचीही तीच तऱ्हा होती. आता बहुतेक नवे कॅमेरे १० बिटांचे लॉग आपल्या कार्डावरच नोंदवितात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की नवा कॅमेरा असेल तर नोंद करणाऱ्या महागड्या मॉनिटरच्या मागे लागू नये; नुसता दाखविणारा, पण उन्हात दिसेल इतका तेजस्वी मॉनिटर घ्यावा. कॅमेरा जुना असेल तर तो केबलवाटे किती बिटांचे चित्र बाहेर सोडतो हे आधी पाहावे. सोनीचा ए७ ३ केबलवाटे ८ बिटांचेच चित्र देतो. ते १० बिटांच्या फाइलीत साठविले तरी आठाचे दहा होत नाहीत. लोट्यातले पाणी घंगाळात ओतल्याने वाढते काय?

हा ८ आणि १० चा भेद क्षुल्लक नव्हे. १० बिटांत १०२४ पायऱ्या, ८ बिटांत २५६. लॉगमध्ये चौदा स्टॉप बसवावयाचे तर पहिल्या प्रकारात प्रत्येकाला साठ-सत्तर पायऱ्या मिळतात, दुसऱ्यात जेमतेम पंधरा-वीस. पावसाळ्यात मांडूला जहाज महालाच्या तलावांवर किंवा रूपमतीच्या सज्जाखालच्या दरीत धुके उतरते, तेव्हा हा भेद डोळ्यांपुढे येतो. त्या करड्या आभाळात उजेडाचे अंतर मुळातच थोडे असते. तेथे ८ बिटांवर लॉग लावले, तर रंग चढविताना आभाळात जिन्यासारखे पट्टे उमटतात. अशा दिवशी लॉग बंद करून साधी पद्धत वापरावी हे बरे. औषध चांगले म्हणून निरोग्याने घेऊ नये.

वाड्यातल्या मुलाखतीकडे परत येऊ. एस-लॉग ३ च्या मूळ आखणीत १८ टक्के उजेड परतविणारा करडा कागद ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद ६१ टक्क्यांवर येतो. मॉनिटरवरील आलेखात पांढरे पातळ ६१ वर पाहून पुष्कळ जण घाबरतात व उजेड वाढवून ते नव्वदावर नेतात. मग चौक जळतो. याउलट अंधाऱ्या खोलीत उजेड कमी पडला, तर सावलीत मुंग्यांसारखी वळवळ उठते, आणि ती नंतर जात नाही. म्हणून आखणीपेक्षा एक स्टॉप अधिक उजेड द्यावा, आणि चौक तेवढ्याने जळत नाही ना हे आलेखावर पाहावे. दोन्ही साधतच नसेल तर चौक जाऊ द्यावा, चेहरा राखावा. चौक उद्याही तेथे असेल.

बाहेर उन्हात निराळाच पेच पडतो. लॉगसाठी पुष्कळ कॅमेऱ्यांना ८०० च्या आसपास आयएसओ लागतो. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची, तेव्हा दिवे लुकलुकू नयेत म्हणून सेकंदाला २५ चित्रे व शटर १/५० ठेवणे सोयीचे. या मापावर कडक उन्हात एफ ४ ला आठ स्टॉप उजेड जास्त होतो. तो अडविण्यास काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, जवळ हवाच. टेकडीवरच्या चामुंडेच्या वाटेवर एनडीवाचून लॉग घेण्याचा हट्ट व्यर्थ आहे.

नोंद बाहेरच्या मॉनिटरवर करावयाची तर आणखी दोन गोष्टी सांगतो. प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात ४के चित्र तासाला सुमारे ३३० गिगाबाइट जागा खाते. साध्या प्रोरेस ४२२ मध्ये २२०. बसलेल्या माणसाच्या बोलण्याला साधा प्रकार पुरे. दुसरी गोष्ट केबलची. मायक्रो एचडीएमआयचे टोक इतके नाजूक असते, की नातवंडाचा धक्का लागला तरी नोंद थांबते. केबल पकडीने बांधून टाकावी, आणि कॅमेऱ्यात सोय असल्यास त्याच्या कार्डावरही नोंद चालू ठेवावी. एका गावात दोन गाद्या सुखाने नांदविणाऱ्या देवासकरांना ही कल्पना पटण्यास हरकत नसावी.

मॉनिटरच्या पंख्याची घरघर हीही लहान बाब नव्हे. कुमार गंधर्व १९४८ साली ज्या गावी आले आणि १९९२ पर्यंत राहिले, त्या देवासात गाण्याचे चित्रण करणाऱ्याने तानपुऱ्याच्या षड्जात यंत्राचा सूर मिसळू देऊ नये. गाण्यापुरता पंखा बंद राहील अशी सोय मॉनिटरात आहे काय ते पाहावे, नसेल तर तो माइकपासून दूर न्यावा.

बाघच्या लेण्यांतील चित्रे उडत चालली होती तेव्हा १९२१ साली नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी तेथे जाऊन त्यांच्या प्रतिकृती करून आले. भिंतीवर काय होते हे पाहण्यास आज त्या प्रती उपयोगी पडतात. आपले काम त्यांच्या तोलाचे नाही, परंतु प्रत पुढे कोणाला वाचता आली पाहिजे ही अट आपल्यालाही लागू आहे. जुन्या दप्तरांत मोडीचे रुमाल असतात आणि घरात ते वाचणारा कोणी उरलेला नसतो; लॉगच्या फाइलीचेही तसेच होऊ शकते. कोणत्या कॅमेऱ्यावर, कोणत्या लॉगमध्ये, किती बिटांत चित्र घेतले, हे माहीत नसेल तर योग्य लट कोणती हे पुढच्याला अंदाजाने ठरवावे लागेल. म्हणून रंग चढविलेली एक प्रत घरच्यांच्या हाती द्यावी. मूळ फिकी नोंद दोन निरनिराळ्या डिस्कांवर, शक्यतो दोन निरनिराळ्या घरांत ठेवावी. आणि प्रत्येक डिस्कच्या डबीत एक कागद घालावा, ज्यावर कॅमेऱ्याचे नाव, लॉगचा प्रकार, तारीख आणि बोलणाऱ्या आजी-आजोबांचे पूर्ण नाव शाईने लिहिलेले असेल.