नऊ मिनिटांचा अंधार आणि एक फ्यूज

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘कोरोनाकाळ आणि माझे काम’ या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. कोरोनाचे नाव काढले की लोक आता उठून चहाला जातात, हे मला माहीत आहे. पण आपल्याच वर्गातल्या एका मित्राचे देणे माझ्याकडे राहिले आहे. ते फेडायला मी उभी आहे.

आधी कामाचे सांगते. उद्या विजेची मागणी किती असेल, याचा अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. असा अंदाज का लागतो, ते विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला आठवीतच दाखवले होते. आठवतेय का? सायकल उलटी करून पायडल फिरवायचे, डायनॅमोवर दिवा लागायचा. दिव्याची वायर काढली की चाक हलके होऊन सुसाट पळायचे. देशाची ग्रिड म्हणजे तेच चाक. मागणी वाढली की ते जड होते, घटली की पळू लागते. त्याचा वेग 50 हर्ट्झच्या आसपास राखावा लागतो. एवढी वीज साठवून ठेवण्याची सोय नाही. म्हणून क्षणाक्षणाला जेवढी लागेल तेवढीच तयार करायची.

25 मार्च 2020, गुढीपाडवा. त्या दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमचे सॉफ्टवेअर गेल्या आठवड्याचा बुधवार, गेल्या वर्षीचा पाडवा, तापमान असे सगळे पाहून अंदाज सांगायचे. पण कारखाने, कार्यालये, मॉल, लोकलगाड्या सगळेच थांबलेले. घरातले पंखे आणि टीव्ही मात्र दिवसभर चालू. डबा नाही, शाळा नाही, त्यामुळे सकाळची मागणीही उशिरा चढू लागली. देशातला एप्रिल 2020 चा वीजवापर आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा जवळजवळ 23 टक्क्यांनी कमी होता. आमचे अंदाज रोज चुकत होते आणि मी घरात डायनिंग टेबलावर बसून डोके धरत होते.

तेव्हा कंट्रोल रूममधल्या एका ज्येष्ठ इंजिनिअर साहेबांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, तुमच्या मशीनला सांगा, आता रोज रविवारच आहे.” मी खरोखर तसेच केले. सगळे वार रविवार धरले, जुन्या वर्षांचे वजन कमी केले, शेवटच्या काही दिवसांचे वाढवले. अंदाज बराच सुधारला.

आणि मग आला 5 एप्रिल. रात्री 9 वाजता 9 मिनिटे दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. फक्त दिवे बंद करा, पंखे आणि फ्रीज चालू ठेवा, असे सरकारने सांगितले होते. मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने उतरेल असा देशपातळीवरचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजारांनी उतरली! कारखाने बंद असल्यामुळे उरलेल्या मागणीत घरांचाच वाटा मोठा होता.

तरीही ग्रिड पडली नाही. जलविद्युत केंद्रे आधीच जोरात चालवून ठेवली होती. मागणी घसरू लागताच त्यांची निर्मिती साडेपंचवीस हजार मेगावॉटवरून आठ हजारांपर्यंत खाली आणली आणि दिवे लागू लागताच पुन्हा चढवली. फ्रिक्वेन्सी 49.70 आणि 50.26 च्या मध्येच राहिली. आपण गॅलरीत पणत्या लावत होतो, तेव्हा ही माणसे पडद्यावरच्या आकड्यावरून नजर हलवत नव्हती. मला तेव्हा वाटले, आपल्याला वीज कळली.

ती पुरती कळली नव्हती, हे पुढच्या वर्षी समजले.

एप्रिल 2021 मध्ये इथे गावात आई आजारी पडली. दवाखान्यात खाट मिळेना. घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला. ते यंत्र विजेवर चालते, लाईट गेली की बंद. मी पुण्यात, पॉझिटिव्ह, एका खोलीत. तिसऱ्या रात्री वळीव आला आणि डीपीवरचा फ्यूज उडाला. भावाचा फोन आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर राज्याच्या मागणीचा आलेख उघडाच होता. त्यात आमच्या घराचा अंधार कुठे दिसणार? राज्याच्या हिशेबात एक आळी म्हणजे काहीच नाही.

मी वर्गाच्या ग्रुपवर रात्री दीडला एकच ओळ टाकली. मागच्या बाकावरचा आपला मित्र, जो वायरमन आहे, त्याने ती वाचली. त्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या घरी दोन माणसे आजारी होती, हे मला नंतर कळले. भर पावसात तो डीपीपर्यंत गेला. पाऊण तासाने भाऊ म्हणाला, “ताई, आली लाईट.” तोवर आईला पालथे झोपवून तो तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे.

मित्रा, शाळेत गणिताच्या तासाला तू माझ्या वहीतून उतरवून घ्यायचास आणि मी ऐट करायचे. चार वर्षे मी तुला नीट ‘थँक्यू’सुद्धा म्हटले नाही, कारण फोनवर बोलायला लागले की रडू यायचे. आज सगळ्यांसमोर म्हणते. आणि आईने तुझ्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा आणला आहे, तो घेतल्याशिवाय जाऊ नकोस.