सांधा हाताला लागू नये म्हणून
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सोबत सूचना दिली आहे, की छंदाविषयी बोल, पण कंटाळा आणू नकोस. माझा विषय आहे पाणबुडीचं मॉडेल जोडताना सांध्यांत काय भरायचं आणि ते कशाकशाचं बनवायचं. म्हणजे दुसरी सूचना पाळणं कठीणच दिसतंय. तरी सांभाळून घ्या.

आपले हस्तव्यवसायाचे सर समोर बसले आहेत. सरांनी आपल्याकडून लाकडी पेनस्टँड करून घेतला होता, आठवतोय? सांधा नीट बसला नाही की आपण लांबी मागायचो. सर म्हणायचे, "आधी सांधा बसव, मग लांबी माग." नंतर पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, पण कामाला पहिली कानस तिथे नाही लागली, ती इथेच लागली. निवृत्तीनंतर प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायला लागलो. विमानं केली, रणगाडे केले. पाणबुडी मात्र पहिल्यांदाच हातात घेतली ती गेल्या वर्षी, आणि त्याला कारण आपल्यातलाच एक जण आहे.

कृष्णेच्या डोहात सगळ्यांत जास्त वेळ पाण्याखाली राहायचा तो कोण, हे या सभागृहात सांगायला नको. पुढे तो नौदलात गेला आणि सिंधुघोष वर्गाच्या पाणबुडीवर त्याने नोकरी केली. रशियन बनावटीच्या या दहा पाणबुड्या १९८६ ते २००० या काळात आपल्या नौदलात आल्या. निवृत्तीनंतर मधुमेहाने त्याची नजर गेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. हे मी त्याला विचारूनच सांगतोय. मेळाव्याचं निमंत्रण द्यायला फोन केला, तर म्हणाला, "तुम्ही जुने फोटो लावणार आणि एकमेकांची टकलं बघून हसणार. मी तिथे येऊन काय बघू?" मी म्हटलं, "तुझी बोट बनवून आणतो, हाताने बघ." थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "रंग कुठलाही दे. पण हाताला खोटं लागलं तर मला कळेल."

या एका अटीने सगळी गणितं बदलली. एरवी मॉडेल काचेच्या कपाटात राहतं आणि माणसं ते दोन हातांवरून बघतात. बारीकसारीक रंगात झाकता येतं. बोटाला मात्र रंग दिसत नाही, त्याला फक्त उंचवटा आणि खड्डा कळतो.

त्यातून पाणबुडी ही वस्तूच अवघड. विमानाचा सांधा पंखाखाली, शेपटीखाली दडतो. पाणबुडीचं कवच म्हणजे एक लांबच लांब गोल नळकांडं, त्यावर लपायला जागाच नाही. खरी बोट सुमारे ७३ मीटर लांब आहे. माझा संच १/१४४ प्रमाणाचा, म्हणजे मॉडेल साधारण ५० सेंटिमीटर भरतं. संचात कवच दोन अर्ध्या भागांत येतं. ते चिकटवले की नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंना मिळून एक मीटरभर सांधा तयार होतो. तो सगळा नाहीसा करायचा.

इथे भरण निवडण्याचं सूत्र सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. भरण आणि आजूबाजूचं प्लॅस्टिक सारख्याच वेगाने घासलं गेलं पाहिजे. भरण मऊ असेल तर पॉलिश पेपर आधी त्यालाच खातो आणि सांध्यावर चर पडतो. कडक असेल तर बाजूचं प्लॅस्टिक झिजतं आणि सांध्याचा कणा वर राहतो. दुसरी गोष्ट, भरणाने नंतर आकसता कामा नये. आज सपाट दिसणारा सांधा महिन्याने खाली बसला, तर आजच्या मेहनतीचा उपयोग काय?

हे तोंडी सांगण्यापेक्षा मी एक चाचणी पट्टी केली. संचातले भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, त्या चौकटीचं प्लॅस्टिक उरतंच. तेच पॉलिस्टायरीन. त्याचे तुकडे जोडून पाच सांधे केले आणि प्रत्येकात वेगळं भरण भरलं. घासले, प्रायमर मारला, रंग दिला आणि महिनाभर ठेवून दिले. मग पट्टी घेऊन त्याच्या घरी गेलो. कुठे काय आहे ते सांगितलं नाही.

पहिला सांधा गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यावर लावतात त्या एनसी पुट्टीचा होता. ट्यूबमधून निघते, लावायला सोपी, घासायला मऊ. पण तिच्यातला थिनर उडून जातो तशी ती आकसते, आणि हे उडणं बरेच दिवस चालतं. त्याचं बोट तिथे थांबलं. "इथे नाली आहे," म्हणाला.

दुसरा सांधा हार्डनर मिसळायच्या पॉलिस्टर पुट्टीचा. ही काही मिनिटांत घट्ट होते आणि फारशी आकसत नाही. पण मिसळताना हवेचे बुडबुडे अडकतात आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. मला ती भिंगातून दिसली होती. त्याला बोटाने कळली. म्हणाला, "इथे पुरळ आलंय."

तिसरा एम-सीलचा. दोन कांड्या मळून लावायच्या, आपल्या सगळ्यांच्या घरी नळाखाली असतंच. त्यात उडून जाणारं द्रावण नसल्यामुळे ते आकसत नाही, आणि ओल्या बोटाने छान सारवता येतं. पण वाळल्यावर प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि कडेला पातळ होत होत प्लॅस्टिकमध्ये मिसळून जात नाही. तिथेही तो थांबला. "कणा."

चौथा आणि पाचवा सांधा मात्र तो सरळ ओलांडून गेला. परत मागे आला आणि पुन्हा ओलांडून गेला. मला विचारलं, "पाच म्हणालास ना? दोन कुठे गेले?" मित्रहो, टूलरूममध्ये मोठमोठ्या साहेबांनी काम पास केलंय माझं, पण असा शेरा कधी मिळाला नव्हता.

चौथ्यात होतं फेविक्विक आणि टाल्कम पावडर. त्या जातीचा गोंद नुसता भरला तर दिवसागणिक अधिक कडक होतो. पावडर मिसळली की तो घासण्याजोगा राहतो. तरी लावल्यापासून तासाभरात घासायला घ्यावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. काही जण पावडरीऐवजी खाण्याचा सोडा टाकतात. त्याने क्षणात घट्ट होतं, पण दगडासारखं. ते आतून आधार द्यायला चांगलं, बाहेरच्या सांध्याला नको.

पाचव्यात प्लॅस्टिकच होतं. चौकटीचे बारीक तुकडे करून पातळ प्लॅस्टिक सिमेंटच्या बाटलीत टाकायचे. एक-दोन दिवसांत दाट लापशी होते. ती सांध्यात भरली की बाजूच्या भिंतीही थोड्या विरघळतात आणि सगळं एकजीव होतं. त्याला हवा फक्त वेळ. आठवडाभर तरी हात लावायचा नाही, आणि खोल फट असेल तर एकदम न भरता थर-थर करून भरायचं.

पाणबुडीसाठी या पाचव्याचा आणखी एक फायदा. खऱ्या बोटीच्या कवचावर रबराच्या लाद्या बसवलेल्या असतात. शत्रूच्या सोनारच्या लहरी त्या शोषून घेतात आणि बोटीचा आवाजही बाहेर कमी जाऊ देतात. मॉडेलवर त्या लाद्यांच्या रेघा कोरलेल्या असतात आणि सांधा घासताना त्या पुसल्या जातात. मग त्या सांध्यावरून पुन्हा कोराव्या लागतात. एनसी पुट्टीवर कोरणी चालवली की कडा ढासळतात. प्लॅस्टिकच्या लापशीवर ती सरळ चालते, कारण खाली प्लॅस्टिकच असतं. म्हणून लांब सांधे सगळे लापशीने भरले आणि नंतर उरलेल्या बारीक उणिवा फेविक्विक-पावडरीने.

पण मोठ्या फटी? तिथे सरांचंच वाक्य लागू पडतं. मनोरा जिथे कवचावर बसतो तिथे माझ्या संचात जवळपास मिलिमीटरभर फट होती. एवढी फट कुठल्याही भरणाने बुजवू नये. आधी प्लॅस्टिकची पट्टी कापून चिकटवायची, मग उरलेल्या रेषेपुरतं भरण. चौकटीची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की केसासारखा तार निघतो, तोही बारीक फटीत बसवता येतो. जितकं भरण कमी, तितका आकसण्याचा धोका कमी.

नापास झालेली तिन्ही भरणंही टाकून दिली नाहीत. एम-सील आतल्या बाजूने सांध्याला आधार म्हणून वापरलं. हातात घेतल्यावर कवच दाबलं जाणार, सांधा उकलता कामा नये. एनसी पुट्टी थिनरमध्ये पातळ करून पॉलिश पेपरच्या ओरखड्यांवर ब्रशने फिरवली. एवढ्या पातळ थरात ती आकसून आकसून किती आकसणार? पॉलिस्टर पुट्टी मॉडेल ठेवायच्या लाकडी बैठकीला लागली. भिंतीच्या सिमेंटच्या पुट्टीचं काहींनी विचारलं होतं. ती मात्र प्लॅस्टिक धरत नाही, पापुद्रा होऊन सुटते.

आता भरणाव्यतिरिक्त. मनोऱ्यातून वर येणारे पेरिस्कोप आणि इतर दांडे संचात प्लॅस्टिकचे असतात. चाचपडणाऱ्या बोटाने ते पहिल्याच दिवशी मोडले असते. मी ते पितळी नळीचे आणि पोलादी तारेचे केले. प्लॅस्टिक सिमेंट धातूला धरत नाही, कारण ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं आणि धातू काही विरघळत नाही. फेविक्विक धरतं, पण बाजूने धक्का लागला की कटकन सुटतं. म्हणून धातू खरवडून, पंधरा मिलिमीटर आत घालून, दोन भागांच्या सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीने पक्के केले.

रिकामं मॉडेल हातात घेतलं तर खेळण्यासारखं हलकं लागतं. जुन्या बेअरिंगचे पोलादी छर्रे आत इपॉक्सीत बसवले. इपॉक्सी एकदम जाड ओतली तर घट्ट होताना तापते आणि प्लॅस्टिक वाकतं, म्हणून पातळ थर देत गेलो. रंगावर शेवटी पारदर्शक लॅकरचा मंद चमकीचा हात दिला, कारण हाताचं तेल आणि घाम रंगाला खातो.

घासण्याचंही थोडं. गोल अंगावर लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासू नका, सपाट पट्टे पडतात. मऊ रबराच्या तुकड्यावर वॉटर पेपर घ्यायचा, ४०० पासून सुरू करून १००० पर्यंत जायचं आणि सांध्याला आडवं, गोलाईवरून घासायचं. राखाडी प्रायमर मारला की राहिलेलं सगळं दिसतं. मी शेवटची तपासणी डोळे मिटून करायचो. सवय झाल्यावर तीच जास्त भरवशाची वाटायला लागली.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. हे मॉडेल आजपासून आपल्या मित्राचं आहे, पण ती चाचणी पट्टी मी शाळेच्या प्रयोगशाळेला देतोय. पाचही सांध्यांखाली नावं लिहिली आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवावं. पदार्थ आकसतो म्हणजे काय, कडक-मऊ म्हणजे काय, हे फळ्यावरून समजतं त्याहून तिथे लवकर समजेल. मुलांसाठी छंदवर्ग सुरू केलात तर शनिवारी मी येईन. मात्र लहान हातांत पॉलिस्टर आणि एनसी पुट्टी देऊ नका. त्यांचा वास डोक्यात जातो आणि उघड्या खिडकीशिवाय ते काम करू नये. प्लॅस्टिकची पट्टी आणि पाण्यात पुसता येणारी ॲक्रिलिक पुट्टी मुलांना पुरेशी आहे. घासायचं ते पाणी लावूनच, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. आणि फेविक्विक कापसाने पुसायला कधीही सांगू नका. कापसावर पडलं की ते एकदम तापतं आणि चटका बसतो.

सर, लांबी फार कमी लागली. सांधे आधी बसवले होते.