माल आपला कुठवर?
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परदेशी मालवाहतुकीवर मी बोलणार, हे ऐकून आमच्या घरीसुद्धा हसू झाले. पण मंडळाचा हिशेब माझ्याकडे आहे, आणि गेल्या वर्षी गोधड्यांच्या व्यवहारात जी चूक झाली त्या कागदावर सही माझीच होती. ती चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

आपल्या भगिनींनी शिवलेल्या शंभर गोधड्या इंग्लंडमधल्या एका दुकानदाराने मागवल्या. कागदावर भावापुढे त्याने ‘डीडीपी’ अशी तीन अक्षरे लिहिली होती. मला वाटले, त्यांच्याकडचा काही शेरा असेल. मी सही केली. माल पोचल्यावर तिथली जकात आणि वर २० टक्के व्हॅट, दोन्हींची बिले आपल्या नावावर आली. त्या तीन अक्षरांचा अर्थच असा की, माल गिऱ्हाइकाने सांगितलेल्या ठिकाणी पोचवायचा आणि त्याच्या देशातली जकात व करही विकणाऱ्याने भरायचे. नफा तर गेलाच, पण तुमचे शिलाईचे पैसे दिवाळीनंतर हाती पडले. कोणी मला टोचून बोलले नाही, त्याचेच मला अधिक लागले.

मग वही घेऊन मी मुंबईला एका कस्टम ब्रोकरांकडे जाऊन बसले. कस्टममधली कागदपत्रे आपल्या वतीने करून देणारे ते कस्टम ब्रोकर. त्यांनी सांगितले की, ही तीन-तीन अक्षरे म्हणजे ‘इन्कोटर्म्स’. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ती प्रथम १९३६ साली ठरवली. सध्या २०२० ची आवृत्ती चालते, तीत अशा ११ संज्ञा आहेत.

लग्नात वऱ्हाडाचे भाडे कोणाचे, जेवणावळ कोणाची, हे आधी बोलून घेतो ना? नाही बोललो, तर मांडवात रुसवेफुगवे ठरलेले. इथेही तसेच. प्रत्येक संज्ञा दोन गोष्टी सांगते : खर्च कुठवर आपला आणि जोखीम कुठवर आपली.

‘एक्स वर्क्स’ म्हणजे माल आमच्या दारात तयार आहे, तुम्ही येऊन न्या. ‘एफओबी’ म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंत आमचा, पुढे तुमचा. ‘सीआयएफ’मध्ये त्यांच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा आपण भरायचा. पण गंमत पाहा, जोखीम मात्र माल बोटीवर चढताच त्यांची होते. वाटेत माल भिजला, तर विम्याचा दावा त्यांनी करायचा. आणि डीडीपी हे सर्वांत शेवटचे टोक. तिथे सगळा भार आपल्याच डोक्यावर.

आणखी तीन गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. पहिली, भाड्याची. माल थोडा असला म्हणजे तो इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये भरतात. त्याला ‘एलसीएल’ म्हणतात. तिथे एक घनमीटर जागा म्हणजे एक टन, असा हिशेब धरून वजन आणि जागा यांपैकी जे जास्त भरेल त्याचे भाडे घेतात. आपल्या गोधड्या वजनाने दीडशे किलो, पण फुगून जागा तीन घनमीटर! आता आपण त्या दाबून बांधतो.

दुसरी, ‘बिल ऑफ लेडिंग’ची. बोटकंपनीची ही पावती बहुधा तीन मूळ प्रतींत निघते. ती गिऱ्हाइकाच्या नावावर न करता ‘ऑर्डर’ची केली, तर मूळ प्रत दाखविल्याशिवाय माल सुटत नाही. म्हणून पैशांची सोय होण्याआधी ती हातची सोडू नये.

तिसरी, ‘एचएस कोड’ची. प्रत्येक मालाला आकड्यांचे नाव असते, आणि त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. रजया ९४०४ मध्ये, ब्लँकेटे ६३०१ मध्ये. आकडा चुकला तर जकात चुकते, माल अडकून पडतो आणि गोदामाचे भाडे दिवसागणिक चढते.

यंदा त्याच दुकानदाराची पुन्हा मागणी आली. या वेळी मी ‘एफसीए, न्हावा शेवा’ असे लिहिले. म्हणजे निर्यातीची कागदपत्रे आपण करायची, तिथल्या ठरलेल्या गोदामात माल ताब्यात द्यायचा, आणि तिथे आपली जबाबदारी संपली. कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा हे बरे, कारण माल बोटीवर चढताना पाहायला आपण काही तिथे नसतो. त्याने एका पत्रात कबूल केले. विचारायचाच काय तो अवकाश होता!

भगिनींनो, पाव किलो भेंडीसाठी आपण भाजीवालीशी चार शब्द बोलतो. मग हजारो रुपयांच्या कागदावर गप्प राहून सही का करावी? न समजलेले अक्षर विचारण्यात कमीपणा नाही. या खेपेचे शिलाईचे पैसे तुम्हांला दिवाळीच्या आधी मिळतील, हे सांगून मी आपली रजा घेते.