वाघ, नक्षल आणि उरलेले चिचगड

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्याच्या या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत चिचगड येथे लेखकांचा हा मेळावा भरला आहे. अध्यक्षाने वर्षभरातील लेखनाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. परंतु तो छापील अहवालात आलेला असल्याने, अनेक वर्षे मांडायची राहून गेलेली एकच तक्रार येथे मांडली जात आहे.

महानगरांतील संपादकांना गोंदिया जिल्ह्याकडून दोनच विषय हवे असतात, वाघ आणि नक्षलवाद; आणि त्याहून खेदाची बाब ही की, येथील लेखकांनीही ही मागणी निमूटपणे शिरोधार्य मानली आहे. मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले आणि 1950च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेलेले माजी मालगुजारी तलाव, यांच्या पाणीवाटपावर प्रस्तुत वक्त्याने एका दिवाळी अंकाला लेख पाठवला असता, त्या तलावावर वाघ पाणी प्यायला येतो काय, अशी पृच्छा झाली. लेखात वाघ घालण्यात आला नाही आणि लेखही छापला गेला नाही.

लेखाचा विषय सुचतो की शोधावा लागतो, यावर सकाळच्या परिसंवादात बरीच हमरीतुमरी झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला तो महसूल खात्यातील नोकरीत पाहिलेल्या गावांच्या बळावर, आणि न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या नारायण गोविंद चापेकरांनी बदलापूर या आपल्याच गावाची घरे, धंदे व चालीरीती तपासून ग्रंथ सिद्ध केला. या दोघांना विषय झोपेत सुचले नव्हते. याच जिल्ह्यातील नवेगावबांधचे अरण्य मराठी वाचकांपर्यंत नेले ते सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली या वनाधिकाऱ्याने, आणि त्यांना ते अरण्य दाखवणारे माधवराव पाटील डोंगरवार मात्र याच मातीतले होते. माहिती येथली आणि लेखणी बाहेरची, ही विभागणी आणखी किती काळ चालू द्यायची, याचे उत्तर या सभागृहाने द्यावे.

विषय हाती लागला म्हणजे लेख हाती लागला, हा दुसरा गैरसमज होय. ‘तेंदूपत्त्याचा हंगाम’ हा नुसता विषय आहे. त्याला सूत्र, म्हणजे लेखाने ज्याचे उत्तर द्यायचे तो नेमका प्रश्न, मिळाल्याशिवाय त्याचा लेख होत नाही. महाराष्ट्रात पानांचा पुडा 70 पानांचा असतो, सीमेपलीकडे छत्तीसगडात तो 50 पानांचा असतो, आणि प्रमाणित गोणी मात्र दोन्हीकडे 1000 पुड्यांची धरतात; म्हणजे इकडच्या गोणीत 70,000 पाने भरतात व तिकडच्या गोणीत 50,000. अशा स्थितीत दोन राज्यांचे गोणीमागचे दर शेजारी शेजारी मांडून मजुरीची तुलना करणारा मनुष्य स्वतः फसतो आणि वाचकालाही फसवतो. पानामागे मजुराच्या हाती किती पडते, असा प्रश्न घातला की त्याच हंगामातून हिशेब, सीमा, ठेकेदार आणि 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांना मिळालेला हक्क, हे सारे एका सूत्रात येते.

सूत्र ठरल्यावर माहिती मिळवण्यासाठी प्रश्नावली घेऊन जावे की नुसते पाहत बसावे, या वादाचा निकाल प्रस्तुत वक्त्यापुरता एका फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, लागलेला आहे. पाच-पाच पाने जुळवून चौदा वेळा एकावर एक ठेवणाऱ्या आणि वाकाने पुडा आवळणाऱ्या एका वृद्धेस दराविषयी विचारले असता, ‘मोजतानी बोलू नोका जी, पान चुकते,’ असे उत्तर मिळाले. वही मिटावी लागली. मोजणी आटोपल्यावर, पुडे मोजून घेणाऱ्या मुन्शीने कोणते पुडे कोणत्या कारणाने बाजूला काढले व त्यांचे पैसे कसे बुडाले, हे तिने न विचारता सांगितले. कोणत्याही प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. तरुण मित्रांचा दूरध्वनीवरून मुलाखती घेण्याचा आग्रह या अनुभवापुढे टिकत नाही, हे त्यांना कटू वाटले तरी बोलणे भाग आहे.

उरला पुढील कार्याचा प्रश्न. प्रत्येक तालुक्यात एक सामाईक विषयवही असावी, नवोदितांसाठी शिबिर घ्यावे, इत्यादी सूचना आल्या आहेत व त्या यथावकाश विचारात घेतल्या जातील. तूर्त एकच काम तातडीचे आहे: वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या पाणी, वाट, चराई इत्यादींच्या रूढ हक्कांची जुनी महसुली नोंद, हिच्या आपापल्या गावच्या नकला अभिलेखातून मिळवाव्यात, कारण त्यांतील एकेका कलमाखाली एकेक लेख दडलेला आहे. नकलांचे शुल्क कोणी भरायचे, हे कार्यकारिणीने भोजनापूर्वी ठरवावे.