दूरदर्शनचा इतिहास वाचनालयात शोधताना

मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीनं मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दहा वर्षांवर प्रबंध लिहायचं ठरवलं, तर पाहण्यासारखं फारसं काही उरलेलंच नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. 'गजरा' रंगला, 'ज्ञानदीप'नं प्रेक्षक जोडले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे केले. बातम्या थेट वाचल्या जात. वाचणाऱ्यांत स्मिता पाटीलही होत्या. पण चित्रफीत महाग होती. एक कार्यक्रम झाला की त्याच फितीवर दुसरा चढायचा. ज्या चिमणरावांच्या आठवणी आजी-आजोबा अजून सांगतात, त्यांच्या मालिकेचे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. बीबीसीनंही जुन्या फिती पुसल्या, आणि 'डॉक्टर हू' या मालिकेचे हरवलेले नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरातल्या प्रक्षेपण केंद्रात सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. अमेरिकेत मात्र नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ५ ऑगस्ट १९६८ पासून रोज संध्याकाळच्या बातम्या नोंदवून ठेवायला घेतल्या. फ्रान्सनं १९९२ मध्ये प्रक्षेपणांच्या जतनासाठी कायदाच केला. भारतात १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणं प्रकाशकांवर बंधनकारक झालं. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्या ग्रंथालयांपैकी एक. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मात्र या तरतुदीत नव्हते. म्हणून आपल्याकडे या माध्यमाचा इतिहास चित्रांपेक्षा कागदात जास्त टिकला आहे, आणि तो कागद वाचनालयांत आहे.

वर्तमानपत्रातली 'आजचे कार्यक्रम' ही चौकट घ्या. तेव्हा ती वाचून लोक संध्याकाळची आखणी करत आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भाजी बांधली जाई. संशोधकाला मात्र ती सोन्यासारखी: कोणता कार्यक्रम कोणत्या वारी, किती वाजता, किती मिनिटांचा, कुणी सादर केलेला. बीबीसीनं 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकातल्या १९२३ पासूनच्या अशाच याद्या संगणकावर आणल्या आणि २०१४ मध्ये लोकांसाठी खुल्या केल्या. मराठी दैनिकांच्या बांधीव फायलींवरून हे काम आपल्याकडेही करता येईल. त्यासाठी फायली शिल्लक असायला हव्यात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, कडेनं तुटतो, जागा खातो. आणि जागा कमी पडली की वाचनालयातून सर्वांत आधी रद्दीत जातात त्या याच फायली.

मराठवाड्यासाठी तर प्रश्नच वेगळा आहे. १९७२ मध्ये मुंबईचं चित्र इथं दिसतच नव्हतं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा 'साइट' प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. शेजारच्या गुलबर्गा भागात संच लागले, पण महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पुढे १९८४ मध्ये देशात काही महिने जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. खुलताबादजवळ म्हैसमाळच्या डोंगरावर मनोरा उभा राहिला. मग कोणत्या गावात चित्र आधी आलं? अँटेना कुठल्या दिशेला वळवावी लागे? 'रामायण' पाहायला किती घरं एका संचासमोर बसत? याची उत्तरं दिल्लीच्या अहवालांत सापडणार नाहीत. ती अनंत भालेरावांनी घडवलेल्या 'मराठवाडा' दैनिकात, १९८२ पासून औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) निघणाऱ्या 'लोकमत'मध्ये, दुकानांच्या जाहिरातींत आणि वाचकांच्या पत्रांत शोधावी लागतील. त्यासाठी बळवंत वाचनालयात, जीवन विकास ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन चिकाटीनं विचारायला हवं.

पुस्तकांच्या बाबतीत एक अडचण सांगायलाच हवी. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत हा विषय एका जागी बसत नाही. प्रक्षेपणाची व्यवस्था ३८४.५५ वर, मालिका आणि कार्यक्रम ७९१.४५ वर, संचाचं तंत्र ६२१.३८८ वर, समाजावरचा परिणाम ३०२.२३ च्या आसपास. चार कपाटं पालथी घातल्याशिवाय हाती काही लागत नाही. शिवाय आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेवरचा वर्गीज समितीचा १९७८ चा अहवाल आणि त्यानंतरचा, दूरदर्शनच्या कार्यक्रमांवरचा पी. सी. जोशी समितीचा अहवाल शासकीय प्रकाशनांत वेगळेच ठेवलेले असतात. ही वाट अनुभवी ग्रंथपालच दाखवू शकतो. नुसत्या संगणकाच्या सूचीवर विसंबू नये.

आणि या शहरापाशी एक ठेवा आहे, तो दुसऱ्या शहराकडे क्वचितच असेल. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे रंगीत संच तयार होत. देशभरातल्या घरांत पोचलेले ते संच इथल्या हातांनी जुळवले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. असा कारखाना थंडावतो तेव्हा त्याचे सर्किटचे नकाशे, दुरुस्तीच्या पुस्तिका, विक्रेत्यांना पाठवलेली पत्रकं, कामगारांच्या प्रशिक्षणाच्या वह्या कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ज्यांनी तिथं नोकरी केली किंवा ज्यांनी शहरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यांच्या माळ्यावर असे कागद असू शकतात. त्यांच्यासोबत १९८५ पूर्वीचा, टपाल कार्यालयात दर वर्षी पैसे भरून नूतनीकरण करायचा टीव्ही संचाचा परवानाही असेल. हे कागद विकून चार पैसे मिळणार नाहीत. रद्दीवाल्याला देण्याआधी ते जवळच्या वाचनालयात दाखवावेत, आणि वाचनालयांनीही देणाऱ्याचं नाव, गाव, साल लिहून ते दाखल करून घ्यावेत.