उसनं मत

(नभोवाणीवरील भाषण)



२४ एप्रिल २०२२, रविवार. फ्रान्समधलं लिओं शहर. प्राथमिक शाळेच्या एका खोलीत आमचं मतदान केंद्र होतं. लांब टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे. एका गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर इमान्युएल माक्रों हे नाव छापलेलं, दुसऱ्यात मारीन ल पेन. फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी अजून कागदानेच मत देतात. दोन्ही नावांचे कागद उचलायचे, एक पाकीट घ्यायचं आणि पडद्याआड जायचं. हवा तो कागद पाकिटात घालायचा, दुसरा चुरगळून खिशात टाकायचा. बाहेर आल्यावर पारदर्शक पेटीत पाकीट सोडलं की पेटीपाशी बसलेला माणूस खणखणीत आवाजात सांगतो, ‘यांनी मत दिलं’. मग यादीत आपल्या नावापुढे सही करायची. सगळं दोन मिनिटांचं काम. मी मात्र पडद्याआड पाच-सात मिनिटं नुसती उभी होते. हातात दोन कागद, आणि दोन्ही नावं नको असलेली.

मी मूळची सांगलीची. पंचवीस वर्षांपूर्वी संसाराच्या निमित्ताने फ्रान्सला गेले आणि पुढे तिथली नागरिक झाले. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे निळा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. तो खिडकीतून आत सरकवताना डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्या देशात राहते, कर भरते, मुलं वाढवते, त्या देशाच्या कारभारात आपलाही शब्द असावा, एवढ्यासाठी ते केलं. म्हणून मत वाया घालवणं मला जमत नाही. आणि म्हणूनच त्या दिवशी पाय अडखळले.

तिथली पद्धत थोडक्यात सांगते. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा, हे १९६२ च्या सार्वमताने ठरलं आणि १९६५ पासून तसं होत आलं. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिले दोघं दोन आठवड्यांनी पुन्हा समोरासमोर येतात. पहिल्या फेरीत निवडायचं, दुसऱ्या फेरीत वगळायचं, असं तिथे सर्रास म्हणतात. २०२२ ला पहिल्या फेरीत बारा उमेदवार होते. मला मनापासून पटलेला उमेदवार त्याच फेरीत गळाला.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, जन्मभर डाव्या विचारांचे. त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची पहिली निवडणूक पाहिली ती १९६९ ची. त्यांचे कम्युनिस्ट उमेदवार झाक द्युक्लो एकवीस टक्के मतं घेऊन तिसरे आले. दुसऱ्या फेरीत पाँपिदू आणि पोएर, दोघंही त्यांच्या दृष्टीने उजवे. पांढरी टोपी काय नि टोपी पांढरी काय, असं द्युक्लोंनी जाहीर सांगितलं. आपण म्हणतो ना, उडदामाजी काळेगोरे काय निवडायचे, तेच. त्या दिवशी आजोबा घरीच राहिले. देशातले जवळजवळ एक तृतीयांश मतदारही मतदानाला गेले नाहीत. त्याबद्दल आजोबांना कधी पश्चात्ताप झाला नाही, आणि माझ्या मते व्हायचं कारणही नव्हतं. दोघांपैकी कुणीही आलं असतं तरी कुणाच्या दारावर रात्री थाप पडणार नव्हती.

२००२ साली गोष्ट वेगळी झाली. ते मी डोळ्यांनी पाहिलं. सोळा उमेदवार उभे होते. दुसऱ्या फेरीत राष्ट्राध्यक्ष शिराक आणि समाजवादी पंतप्रधान जोस्पँ हे दोघं येणार, असं सगळे धरून चालले होते. डाव्या मतदारांनी पहिल्या फेरीत मनमोकळी मतं दिली, इकडे थोडी, तिकडे थोडी. २१ एप्रिलला रात्री आठच्या ठोक्याला दूरदर्शनच्या पडद्यावर दोन चेहरे आले, शिराक आणि ज्याँ-मारी ल पेन. हिटलरच्या विषारी वायूच्या कोठड्या म्हणजे इतिहासातला एक बारीक तपशील, असं म्हटल्याबद्दल न्यायालयाने ज्यांना शिक्षा केली होती, तेच हे ल पेन. जोस्पँ त्यांच्या मागे दोन लाखांहूनही कमी मतांनी राहिले. डाव्यांपैकीच एकट्या क्रिस्तियान तोबिरा यांना साडेसहा लाखांवर मतं होती. जोस्पँनी त्याच रात्री राजकारण सोडत असल्याचं जाहीर केलं.

शिराक यांच्यावर पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातल्या खोट्या नोकऱ्यांचे आरोप होते. पुढे २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषीही ठरवलं. तरी १ मे रोजी लिओंच्या रस्त्यावर जो मोर्चा निघाला, त्यात फलक होते : ठगाला मत द्या, फॅसिस्टाला नको. शिराकना मत द्यायला नाकाला कपड्यांचा चिमटा लावून जाऊ, हातमोजे घालून जाऊ, असं लोक बोलत होते. केंद्रात असले प्रकार चालणार नाहीत, असं त्यांना बजावावं लागलं. ५ मे रोजी आजोबा गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या उमेदवाराला मत देऊन आले. दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच हिशोब. शिराकना ८२ टक्के मतं पडली.

श्रोतेहो, मला बोलायचं आहे ते इथपासून पुढचं. त्या ८२ टक्क्यांत शिराक यांची स्वतःची, पहिल्या फेरीतली मतं होती जेमतेम वीस टक्के. बाकीची उसनी. आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती वाटी शिगोशिग भरून परत द्यायची, ही रीत. शिराकनी सरकार बनवलं ते आपल्याच, उजव्या बाजूच्या माणसांचं. ज्यांनी नाक दाबून मत दिलं, त्यांना कुणी विचारलं नाही. आजोबा सांगतात, त्या वर्षापासून त्यांच्या जुन्या कामगार वस्तीतली माणसं एकेक करून म्हणू लागली, आमची मतं लागतात, आम्ही लागत नाही.

अशा मतदानाला फ्रेंचमध्ये म्हणतात, बांध घालणं. मी कृष्णाकाठची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत माणूस भेटला की आधी विचारतो, आयर्विन पुलाला पाणी किती? २००५ ला, २०१९ ला तो आकडा ऐकून आमच्या घरच्यांनी सामान माळ्यावर चढवलं आहे, घरं सोडली आहेत. ल पेन घराण्याचे दुसऱ्या फेरीतले आकडे मी त्याच धास्तीने वाचते. २००२, वडील : १८ टक्के. २०१७, मुलगी मारीन : ३४ टक्के. २०२२ : साडेएकेचाळीस टक्के. दर वेळी बांध टिकला, पण पाणी चढत गेलं. ते का चढलं, याला कारखाने बंद पडण्यापासून अनेक कारणं आहेत. पण उसनं घेऊन न फेडणं हे त्यातलं एक कारण आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

२०२२ ला आजोबा पंचाहत्तरीचे होते. मतदानाच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, “दोनदा बांध घातला, २००२ आणि २०१७. आता खांदा दुखतो.” त्यांनी पाकिटात कोरा कागद घातला. कोरा कागद टेबलावर ठेवलेला नसतो, तो घरून न्यावा लागतो. त्यांनी नातवाच्या वहीतून मोजून-मापून कापून घेतला होता. २०१४ च्या कायद्यापासून कोरी मतं वेगळी मोजतात, पण टक्केवारी काढताना ती धरत नाहीत. आपल्याकडे २०१३ पासून ‘नोटा’चं बटण आहे, त्याचीही साधारण हीच गत. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला, तरी निकाल होता तोच राहिला. फ्रान्समध्ये २०१७ च्या दुसऱ्या फेरीत कोरी आणि बाद मतं मिळून चाळीस लाखांच्या वर गेली, २०२२ ला तीस लाखांच्या वर. इतकी माणसं रविवारी सकाळी कपडे करून केंद्रावर जातात, रांगेत उभी राहतात आणि कुणालाच मत देत नाहीत. त्यांना बेजबाबदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण मला तसं करता आलं नाही. माक्रोंनी श्रीमंतांवरचा संपत्तीकर जवळपास काढून टाकला, इंधनावरच्या कराविरुद्ध पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आलेल्यांचं ऐकायला फार उशीर लावला. ते मला नको होते. पण समोरच्या बाईंच्या जाहीरनाम्यात घरं, नोकऱ्या, सरकारी मदत यांत जन्माने-कागदाने फ्रेंच असलेल्यांना आधी, बाकीच्यांना नंतर, असा कायदा होता. रस्त्यावर डोक्याला रुमाल बांधण्यावर बंदी होती. आमच्या इमारतीत रोज सकाळी जिना झाडणारी बाई अल्जीरियाची आहे आणि ती रुमाल बांधते. मला एक सरकार नावडतं होतं. तिचं उद्याचं घराबाहेर पडणंच पणाला लागलं होतं. ही दोन दुःखं एका तागडीत घालता येत नाहीत.

मग पडद्याआड पाच-सात मिनिटं कशाला? माझ्या पर्समध्ये पेन होतं. माक्रों यांच्या नावाखाली एक वाक्य लिहावं, असं अनावरपणे वाटत होतं : हे मत आहे, होकार नाही. पण कागदावर एक अक्षर जरी लिहिलं तरी मत बाद होतं. कागदावर नाव असतं, कारणाला जागा नसते. पेन परत ठेवलं, कागद पाकिटात घातला.

त्या रात्री जिंकल्यावर माक्रों आयफेल टॉवरखाली म्हणाले की, अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, तर अतिउजव्यांना अडवण्यासाठी मत दिलं आहे, याची आपल्याला जाणीव आहे, आणि या मताने आपण बांधील आहोत. मला बरं वाटलं. निदान उसनं घेतल्याचं कबूल तरी केलं. आणि १६ मार्च २०२३ ला, निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारं विधेयक त्यांच्या सरकारने राज्यघटनेच्या ४९ व्या कलमाचा आधार घेऊन लोकप्रतिनिधींचं मत न घेताच पुढे रेटलं. निवृत्तीचं वय वाढवणार, हे त्यांनी निवडणुकीआधी सांगितलं होतं, हे खरं. पण बांधील असणं म्हणजे निदान मत तरी घेणं.

त्यानंतरच्या मोर्चाला मी गेले. आदल्या रात्री स्वयंपाकघरात बसून एका खोक्याचा पुठ्ठा कापला आणि जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरांत, पडद्याआड लिहिता न आलेलं ते वाक्य लिहिलं. सकाळी जिन्यात आजोबा काठी घेऊन तयारच होते. त्यांनी फलक वाचला, काही बोलले नाहीत. रोन नदीच्या पुलावर वारा इतका होता की पुठ्ठा हातात ठरेना. तेव्हा त्यांनी काठी काखेत धरली आणि फलकाची दुसरी कड पकडली.